लुइजीज मॅन्शन ३: हातातल्या स्विचवर भुतं पकडायला शिकताना

निन्टेंडो स्विचवर भुतांचा खेळ पहिल्यांदाच खेळणाऱ्याने 'लुइजीज मॅन्शन ३'पासून सुरुवात करावी, हे आम्ही ठामपणे सांगतो. ३१ ऑक्टोबर २०१९ रोजी हा गेम आला. भुतांमुळे दचकायला होतं, पण रक्तपात अजिबात नाही. युरोपात त्याला ७ वर्षांपुढच्या मुलांसाठीचं प्रमाणपत्र आहे. मालिकेतला पहिला गेम २००१ साली गेमक्यूबवर आला, दुसरा २०१३ साली थ्रीडीएसवर, आणि तोच दुसरा २०२४ मध्ये नव्या रूपात स्विचवर आला. आधीचे दोन्ही खेळलेले नसले तरी कथेत काही अडत नाही. दुसऱ्या भागात मात्र भूत जमिनीवर आपटायची सोय नाही, म्हणून तिसऱ्याची सवय झाल्यावर दुसरा हातात घेतला तर थोडा जड वाटतो.

कथा थोडक्यात अशी. मारिओ, पीच आणि टोड मंडळींना 'द लास्ट रिसॉर्ट' नावाच्या आलिशान हॉटेलात पाहुणचाराला बोलावलं जातं आणि भुतांचा राजा किंग बू त्यांना तसबिरींत कोंडतो. मागे उरतो मारिओचा भित्रा भाऊ लुइजी. त्याच्या हाताशी येतो पाठीवरचा व्हॅक्यूम, पोल्टरगस्ट जी-००. हॉटेलची मालकीण हेलन ग्रेव्हली स्वतःच भूत आहे. वर पंधरा मजले, खाली दोन तळघरं, आणि लिफ्टची बहुतेक बटणं भुतांनी पळवलेली. बहुतेक मजल्यांवरच्या मुख्य भुताला पकडलं की एक बटण मिळतं, ते लिफ्टच्या पॅनेलात बसवायचं आणि पुढच्या मजल्यावर जायचं. मजले क्रमाने उघडत नाहीत, त्यामुळे पाचव्यावरून पुन्हा खाली यावं लागलं तर आपण काहीतरी चुकलो असं समजू नका.

खेळण्याआधी मशीन नीट लावून घ्या

हा गेम अंधारात घडतो आणि हातातला पडदा लहान असतो. मूळ स्विचचा पडदा ६.२ इंच, स्विच ओलेड मॉडेलचा ७ इंच आणि स्विच लाइट या लहान मॉडेलचा ५.५ इंच. सिस्टिम सेटिंग्जमध्ये जाऊन आपोआप कमी-जास्त होणारी ब्राइटनेस बंद करा आणि हाताने वाढवा. हे केलं नाही तर खोलीतला दिवा गेला की कोपऱ्यातली फट, छतावरची दोरी, गालिच्याखालचा उंचवटा यांतलं काहीच दिसत नाही. उन्हात किंवा गाडीच्या खिडकीजवळ बसून खेळू नका.

ब्राइटनेस वाढवली की बॅटरी लवकर उतरते. निन्टेंडोच्या सांगण्यानुसार पहिल्या स्विचची बॅटरी अडीच ते साडेसहा तास, नंतरच्या सुधारित मॉडेलची आणि ओलेडची साडेचार ते नऊ तास, तर लाइटची तीन ते सात तास चालते. मोठ्या भुताशी झुंज सुरू करण्यापूर्वी चार्ज बघून घ्या.

गेम डाउनलोड करणार असाल तर मेमरी कार्डावर ७ जीबी जागा मोकळी ठेवा. भारतात अनेकांकडचं मशीन परदेशातून आलेलं असतं. त्याची काळजी नको, स्विचच्या कार्ट्रिजला देशाचं बंधन नाही, अमेरिकेतलं कार्ट्रिज जपानी मशीनवर चालतं. मूळ चार्जर १०० ते २४० व्होल्टवर चालतो, त्यामुळे आपल्याकडे फक्त पिन बदलणारा अडॅप्टर लागतो, व्होल्टेज बदलणारा ट्रान्सफॉर्मर लागत नाही.

आवाजासाठी तारेचा हेडफोन लावा. भूत पडद्यावर येण्याआधी त्याचं हसू आणि फर्निचरची खडखड ऐकू येते, आणि कुठल्या बाजूने येते तेही कळतं. ब्लूटूथ हेडफोनही चालतो, पण तो जोडलेला असताना जास्तीत जास्त दोनच बिनतारी कंट्रोलर जोडता येतात, आणि जॉय-कॉनची (स्विचच्या दोन बाजूंच्या सुट्या होणाऱ्या कंट्रोलरची) जोडी दोन म्हणून मोजली जाते. जवळच्या दुसऱ्या स्विचशी थेट जोडून खेळतानाही ब्लूटूथ आवाज चालत नाही.

शेवटची तयारी स्टिकची. लुइजी आपोआप वळत असेल किंवा टॉर्च एका बाजूला ओढली जात असेल तर सिस्टिम सेटिंग्जमधल्या कंट्रोलर अँड सेन्सर्स या भागात जाऊन स्टिक कॅलिब्रेट करा. मशीन हलवून नेम धरणार असाल तर त्याच ठिकाणी मोशनचंही कॅलिब्रेशन आहे, त्या वेळी मशीन सपाट टेबलावर ठेवायचं. मांडीवर ठेवून केलं तर नेम कायम तिरका राहतो.

बटणं

डाव्या स्टिकने लुइजी चालतो, उजव्याने टॉर्च आणि व्हॅक्यूमची नळी वळते. झेडआर दाबून धरलं की व्हॅक्यूम ओढतो, झेडएल दाबलं की फुंकतो. दोन्ही एकदम दाबले की हवेचा जोरदार झोत खाली सुटतो आणि लुइजी किंचित उडी घेतो. याला बर्स्ट म्हणतात. ए दाबून धरून सोडलं की टॉर्चचा लखलखाट होतो, तो स्ट्रोबल्ब. वायने सक्शन शॉट सुटतो, म्हणजे दोरी लावलेला रबरी प्लंजर. एक्स दाबून धरलं की डार्क-लाइट, म्हणजे अदृश्य वस्तू दाखवणारा प्रकाश. यातल्या सगळ्या गोष्टी पहिल्या मिनिटापासून हातात नसतात, गेम त्या एकेक करून देतो.

नवख्याला सगळ्यात अवघड जातं ते दोन स्टिक एका वेळी चालवणं, कारण उजवा अंगठा स्टिकवर असतो आणि तोच ए बटणासाठी हवा असतो. युक्ती अशी की आधी उजव्या स्टिकने दिशा धरा, मग अंगठा उचलून ए दाबा. लुइजीचं तोंड तिथेच राहतं. वर-खाली नेम धरायला मोशन कंट्रोल बरं पडतं, पण गाडीत किंवा पडून खेळताना ते बंद करा, नाहीतर प्रत्येक धक्क्याला नळी छताकडे जाते.

एक भूत पकडायचं कसं

१. भूत दिसताच धावू नका. साधं निळं भूत, ज्याला गेममध्ये गूब म्हणतात, हल्ला करण्यापूर्वी समोर येऊन हात उगारतं. त्याला चार-पाच पावलांवर येऊ द्या.

२. ए दाबून धरा, दिवा पूर्ण भरू द्या, तोंड भुताकडे ठेवा आणि सोडा. लखलखाटाने भूत जागीच थिजतं.

३. लगेच झेडआर दाबून धरा. भुताची शेपटी नळीत अडकते.

४. भूत ज्या बाजूला पळतं त्याच्या बरोबर उलट बाजूला डावी स्टिक ओढा. भूत डावीकडे गेलं तर उजवीकडे, वर गेलं तर खाली. ओढ बरोबर असेल तर एक मीटर भरत जातो.

५. मीटर भरला की ए दाबा. लुइजी भूत डोक्यावरून फिरवून जमिनीवर आपटतो. पुन्हा ए, पुन्हा आपटणं. भुताच्या अंगावरचा आकडा शून्य झाला की ते व्हॅक्यूममध्ये जातं.

इथे तीन चुका सर्रास होतात. पहिली, लखलखाट न करताच झेडआर दाबणं. न थिजलेलं भूत व्हॅक्यूमला दाद देत नाही, ते बाजूला सरकतं आणि तुमची पाठ उघडी पडते. दुसरी, भुताच्या मागे त्याच दिशेने धावणं. मग मीटर भरतच नाही आणि भूत लुइजीला खोलीभर फरफटत नेतं. तिसरी चूक जास्त महागात पडते: एकट्या भुताकडे बघत त्याला आपटणं. खोलीत दोन-तीन भुतं असतील तर पकडलेलं भूत दुसऱ्यांच्या अंगावर आपटा. आपटण्याचा मार सगळ्यांना बसतो, त्यामुळे एका फटक्यात तीन भुतं कमकुवत होतात. म्हणून ए दाबण्याआधी डाव्या स्टिकने दिशा द्या आणि भुतांच्या घोळक्याकडे आपटा.

लुइजीची तब्येत १०० पासून मोजली जाते. ती कमी झाली तर हृदयं शोधा, ती कपाटांत, कुंड्यांत, कचऱ्याच्या डब्यात असतात. तब्येत शून्य झाली आणि जवळ सोन्याचं हाड असेल तर पोल्टरपप हा भुताचा कुत्रा धावत येतो आणि लुइजीला उठवतो. हे हाड लुइजीला मदत करणारा शास्त्रज्ञ प्रोफेसर ई. गॅड याच्या दुकानात मिळतं. पहिल्या मोठ्या लढतीआधी एक तरी जवळ असू द्या.

साध्या युक्तीला दाद न देणारी भुतं

काही भुतं ढाल किंवा तत्सम काही समोर धरतात. त्यांच्यावर लखलखाट वाया जातो. आधी वायने प्लंजर त्या ढालीवर मारा, ओढून काढा, मग ए. काळा चष्मा घातलेल्या भुताचा चष्मा व्हॅक्यूमने ओढून घ्या. हॅमर हे लाल, आडदांड भूत मूठ आपटतं. त्याला आधी आपटू द्या, बर्स्टने त्या धक्क्यावरून उडी मारा आणि त्याचे हात खाली असतानाच लखलखाट करा. स्लिंकर पाठीमागून येऊन लुइजीला मिठी मारतो, म्हणून मोठ्या खोलीत पाठ भिंतीला लावून उभं राहिलं तर अर्धं संकट टळतं.

बर्स्टचा आणखी एक उपयोग लोक विसरतात: चारी बाजूंनी भुतांनी घेरलं तर झेडएल आणि झेडआर एकदम दाबा, सगळी मागे फेकली जातात आणि लखलखाट भरायला वेळ मिळतो.

खोली झाडून काढा

प्रत्येक खोलीत शिरल्यावर एक फेरी फक्त शोधासाठी करा. दिवाळीआधीच्या साफसफाईसारखं एकही कोपरा सोडायचा नाही. पडदे ओढा, गालिचे ओढा, टेबलावरची ताटं, पुस्तकं, टॉयलेट पेपर, सगळं व्हॅक्यूममध्ये जातं. जे ओढून निघत नाही ते फुंकून पाहा, पंखे आणि फिरणारी चाकं फुंकण्याने फिरतात. ज्या सपाट पृष्ठभागावर ओढूनही काही होत नाही, जसं सुटकेस, मोठा डबा, फळी, तिथे प्लंजर मारा, झेडआरने मागे ओढा आणि ए दाबून आपटा. आतून नोटा, नाणी, कधी सोन्याच्या विटा निघतात. सोनेरी कोळी आणि उंदीर दिसले तर आधी त्यांना ओढा, ते पटकन पसार होतात.

सुरुवातीच्या मजल्यांवर लोक अडतात ते बहुतेक याच कारणाने. भूत संपलं की खोली संपली, असं त्यांना वाटतं. पुढचं दार उघडायचं साधन बहुधा त्याच खोलीत असतं, भिंतीवरच्या झाकणामागे किंवा पडद्याआड.

गूइजी

सुरुवातीचे काही मजले झाले की प्रोफेसर गूइजी देतो, म्हणजे लुइजीची हिरव्या जेलीची प्रतिकृती. उजवी स्टिक आत दाबली की तो बाहेर येतो, पुन्हा दाबली की तुम्ही त्याच्याकडून लुइजीकडे येता. तो गजांमधून, जाळीतून, नळांतून जातो आणि खिळ्यांवरून चालला तरी त्याला काही होत नाही. पाणी मात्र त्याला चालत नाही, थेंब लागला की विरघळतो. तो गेला तरी काळजी नको, थोड्या वेळाने पुन्हा काढता येतो.

एकट्याने खेळताना दोन गोष्टी लक्षात ठेवा. गूइजीला पाठवताना लुइजी जागच्या जागी उभा राहतो आणि त्याला मार बसू शकतो, म्हणून आधी त्याला भिंतीआड नेऊन ठेवा. दुसरं, लुइजी एखादा पंखा फुंकत असताना बटण दाबून धरूनच गूइजीकडे गेलात तर लुइजी फुंकत राहतो. या एका गोष्टीवर बरीच कोडी उभी आहेत: एकाने चाक फिरवायचं, दुसऱ्याने उघडलेल्या दारातून पलीकडे जायचं. जड वस्तू एकट्याच्या ओढीने हलत नसेल तर दोघांचे प्लंजर त्याच वस्तूवर लावा.

डार्क-लाइट

खोलीत एखादी जागा विचित्र रिकामी दिसली, जसं भिंतीवर तसबिरीची खूण पण तसबीर नाही, किंवा दाराची चौकट पण दार नाही, तर तिथे एक्स दाबून धरा. अदृश्य केलेली वस्तू हळूहळू परत येते. नीट फिरवत फिरवत पूर्ण भाग झाका, अर्ध्यावर सोडलं तर वस्तू पुन्हा नाहीशी होते. तसबिरीत कोंडलेल्यांची सुटकाही याच प्रकाशाने होते. पोल्टरपपच्या पावलांचे ठसेही यातच दिसतात, आणि तो कुठे नेतोय ते बघायला ते उपयोगी पडतात.

बू आणि रत्नं

प्रत्येक मजल्यावर ६ रत्नं आहेत, १७ मजल्यांची मिळून १०२. बू, म्हणजे किंग बूची गोल पांढरी भुतं, १६ आहेत, सगळ्यात वरच्या मजल्यावर बू नाही. मजल्याच्या मुख्य भुताला हरवल्यानंतरच तिथे बू येतो, त्यामुळे पहिल्या फेरीत तो सापडला नाही तर वेळ घालवू नका.

बू फर्निचरमध्ये लपतो आणि त्याच्याजवळ गेलं की कंट्रोलर थरथरतो. जितका जवळ, तितकी थरथर जास्त. स्विच लाइट असेल तर इथे मोठी अडचण आहे, कारण त्यात थरथरीची मोटरच नाही. उपाय दोन: वेगळा जॉय-कॉन किंवा प्रो कंट्रोलर जोडून खेळा, किंवा प्रोफेसरच्या दुकानातून बू शोधणारं साधन घ्या, ते नकाशावर खोली दाखवतं. रत्नांसाठीही असंच साधन आहे. बू सापडला की तो उडायला लागतो. त्याला झेडआरने पकडा, ओढ द्या आणि आपटा. निसटला तर तो शेजारच्या खोलीत गेलेला असतो, दूर नाही.

जिथे नवखे हमखास थांबतात

सातवा मजला बागेचा. डॉ. पॉटर माळ्याचं भूत आहे आणि त्याच्याबरोबर एक प्रचंड मांसाहारी रोप. या मजल्यावर व्हॅक्यूमला करवतीचं गोल पातं जोडून वेली कापता येतात. शेवटच्या लढतीत रोप झेपावून त्याचं तोंड अडकलं की त्याच क्षणी देठ कापायचा. ते मान हलवत असताना जवळ गेलं तर फक्त मार मिळतो.

आठव्यावर चित्रपटाचा स्टुडिओ आहे आणि तिथलं मॉर्टी हे भूत लढत नाही. तो दिग्दर्शक आहे, त्याचा भोंगा हरवलाय आणि तो तुम्ही शोधून द्यायचा. स्टुडिओतल्या वेगवेगळ्या सेटवर टीव्ही आहेत, एकातून शिरलं की दुसऱ्या सेटवर निघता येतं. एका सेटवर आग लागलेली आहे आणि पाणी दुसऱ्या सेटवर, म्हणजे बादली एका टीव्हीतून दुसरीकडे न्यायची. लोक इथे आगीशी झगडत राहतात, वस्तू टीव्हीतून नेता येते हे त्यांच्या लक्षात येत नाही.

दुसऱ्या तळघरातला क्लेम हा मेकॅनिक या गेममधला सगळ्यात कंटाळवाणा अडथळा ठरतो, आणि तो नीट समजून घेणं गरजेचं आहे. इथे लुइजी हवा भरलेल्या रबरी नावेत पाण्यावर तरंगतो आणि भिंतींना खिळे आहेत. नाव चालते ती फक्त व्हॅक्यूमने: पुढे फुंकलं तर नाव मागे जाते. म्हणून ज्या दिशेला जायचं त्याच्या उलट दिशेला तोंड करून झेडएल दाबायचा. खिळ्यांकडे सरकत असाल तर त्यांच्याकडेच तोंड करून फुंका. सतत फुंकू नका, छोटे छोटे झोत द्या, कारण नाव वेग घेते आणि लगेच थांबत नाही. गूइजी पाण्यात येत नाही, त्यामुळे त्याच्यावर अवलंबून राहू नका.

मधेच पोल्टरकिटी हे मांजर मिळालेलं लिफ्टचं बटण पळवतं, तेही दोनदा. तिच्या मागे धावण्यात अर्थ नाही. ती मागून दबा धरून येते. पाठ तिच्याकडे ठेवा, ती अगदी जवळ आली की वळून लखलखाट करा आणि शेपूट धरा.

दोघांनी खेळायचं असेल तर

गूइजी मिळाल्यानंतर एक जॉय-कॉन दुसऱ्याला द्या, तो गूइजी होतो. लहान मुलाबरोबर खेळताना मुलाला गूइजी द्यावा, कारण तो विरघळला तरी खेळ थांबत नाही. हातातल्या छोट्या पडद्यावर दोघांनी बघणं त्रासाचं, म्हणून मशीन उभं करून टेबलावर ठेवा किंवा टीव्हीला जोडा. स्केअरस्क्रेपर हा वेगळा प्रकार आहे. त्यात जास्तीत जास्त आठ जण मिळून वेळेच्या आत मजले साफ करतात. इंटरनेटवर खेळायला निन्टेंडो स्विच ऑनलाइनचं सभासदत्व लागतं, शेजारी बसून एकमेकांच्या स्विचला जोडून खेळायला लागत नाही.

पैसा कशाला साठवायचा

गेम संपल्यावर जमवलेल्या पैशावरून दर्जा मिळतो: ४०,००० पेक्षा कमी असेल तर सी, ४०,००० पासून बी, ७०,००० पासून ए. पहिल्यांदा खेळताना बी सहज मिळतो. ए हवा असेल तर शेवटच्या लढतीआधी लिफ्टने खाली जा, जिथे नकाशावर रत्न राहिलंय ते मजले पुन्हा पालथे घाला, आणि त्याच फेरीत उरलेले बू पकडून घ्या. ज्या मजल्यावर गूइजी नसताना पहिल्यांदा गेला होता तिथली गजांमागची, नळांमागची पेट्यांची रांग आता उघडता येते.